कोपऱ्यातला फोन नंबर

अल कुसैस, ३ मार्च १९९८
ती. शालूताईस, धाकट्या जगन्नाथचा सा. न. वि. वि.

इकडे आखातात ठीक. तुझ्या गुडघ्याचं कळव. माझं मात्र डोकं तापलंय. माझ्या वर्कशॉपमधला आपला गनी, बोर्ड रंगवणारा. ब्रश धरायला कुणी शिकवलं नाही, पण माणूस हुबेहूब उतरवतो. तय्यबशेठच्या वारलेल्या आईचं पोर्ट्रेट त्याच्याकडून करून घेतलं. डिलिव्हरीला बघतो तर खाली पठ्ठ्याची सही! कोपऱ्यात दुकानाचं नाव आणि फोन नंबर जातो, हे बारा वर्षांत कळलं नाही? मी म्हटलं, पेंटर का नाम कौन पढता है. सही पुसली, आपला नंबर टाकला, खलास. तेव्हापासून पठ्ठ्या सलामसुद्धा भिंतीला करतो.

लोभ आहे तसाच ठेव.
जगन्नाथ

इचलकरंजी, १९ मार्च
चि. जगन्नाथास आशीर्वाद, दात-ओठ खाऊन.

गुडघा राहू दे. मेलेल्या बाईच्या चेहऱ्याखाली फोन नंबर? लाज कशी नाही वाटली! तुझ्या भाचीने, पर्णिकाने, बाल्टिमोरहून चित्रांचं पुस्तक पाठवलंय. दोनशे वर्षांपूर्वी तिथे जोशुआ जॉन्सन नावाचा काळा चित्रकार होता. जन्म गुलामीतला, पुढे सुटका झाली. व्यापाऱ्यांची, कप्तानांची कुटुंबं रंगवायचा. आपण स्वतःच शिकलो, हे त्याने वर्तमानपत्रात अभिमानाने छापलं होतं. आज ऐंशीएक चित्रं त्याची मानतात, सही एकावरच. घरोघरी पणजोबा जपले, रंगवणारा शंभरेक वर्षं विसरले. ते निदान विसरले. तू बोळा घेऊन पुसलंस! तूही शिडीवर चढून बोर्डच रंगवायचास ना रे?

गनीची सही परत होईपर्यंत मला पत्र नको.
तरीही तुझीच, शालूताई

अल कुसैस, ६ एप्रिल
ती. ताईस सा. न.

आधी तुझाच राग आला. शिडीवर होतो तेव्हा माझं नाव कुणी लिहिलं होतं? मग तेच डोक्यात घुसलं. गनीला गाडीत घातलं, टर्पेंटाइन घेतलं, तय्यबशेठकडे गेलो. शेठ म्हणाला, रहने दो हबीबी, पेंटर का नाम कौन पढता है. माझंच वाक्य, शब्दन् शब्द! कानशिलं तापली. त्याच्याच दिवाणखान्यात त्याच्याशी भांडलो आणि नंबर पुसला. गिऱ्हाईक गेलं बहुतेक.

गनीने सावकाश लिहिलं: अब्दुल गनी इस्माईल, कन्नूर. व्हिसावर हेच असणार. मी कधी वाचलं नव्हतं. ब्रश पुसून त्याने रिलीजचा, म्हणजे नोकरी सोडायला मालकाच्या परवानगीचा, कागद पुढे केला. रास अल खैमाला दुसऱ्या नोकरीवर जातोय. मी चिडलो, म्हटलं, नाव दिलं ना तुला? तर म्हणतो, साब, वो तो मेरा ही था.

कागदावर सही करून दिली. राग अजून उतरलेला नाही. कुणावरचा, ते विचारू नकोस.

तुझा,
जगन्नाथ