खोटी दवंडी

आबा, त्या दिवशी सकाळी मी देवापुढं दिवा लावला, हात जोडले आणि फोन असा किंचाळला की आई न्हाणीतून ओरडली, "काय पडलं रं?" सरकारचा इशारा होता. वरच्या धरणाचे दरवाजे उघडणार आहेत, नदीकाठ ताबडतोब रिकामा करा. मागं चाचणीचा निरोप आला तेव्हाही गावभर फोन असेच वाजले होते आणि पारावरची माणसं हसली होती. आजही लोक आवाज बंद करून चहा पीत बसतील हे मला ठाऊक होतं. म्हणून आरती न म्हणताच निघालो. तुमच्या माघारी तुमच्या जागेवर कोतवाल होऊन मला वीस वर्षं झाली. आधी कुठं जायचं हे मला कुणी सांगावं लागत नाही.

नदीच्या अगदी खालच्या अंगाला मेंढरं राखणाऱ्यांची पाच घरं आहेत. चार घरांनी भांडीकुंडी उचलली. शेवटच्या झोपडीतली म्हातारी मात्र बाजेवर बसून तंबाखू मळत होती. "मावशे, उठ. पाणी यायलंय," मी म्हणालो. तिनं मान वर केली नाही. "तुझ्या बापानं बी असंच सांगितलं व्हतं," ती म्हणाली. मला वाटलं, ती तुमचं कौतुक करते आहे. मी म्हणालो, "मग ऐक की." तेव्हा ती माझ्याकडं बघून हसली, आणि तिनं जे सांगितलं ते मी आजवर कुणाकडून ऐकलं नव्हतं.

आबा, ही माणसं पूर्वी वर गायरानात राहत होती. एका पावसाळ्यात तुम्ही हलगी वाजवत गेलात आणि तलाव फुटतोय म्हणून दवंडी दिलीत. ती लेकरंबाळं घेऊन शाळेत येऊन बसली. तलाव फुटला नाही. संध्याकाळी माघारी गेली तर झोपड्या मोडून कुंपण घातलेलं. तिथं आज गोदाम उभं आहे. तेव्हापासून ती या खोलगटात राहतात. "आता तू हितनं उठव," म्हातारी म्हणाली. "हितं काय बांधायचंय तुमाला?"

मी चौथीत असताना गंमत म्हणून विहिरीपाशी "पोरगं पडलं" असं ओरडलो होतो, ते तुम्हाला आठवत असेल. माणसं दोर घेऊन धावली. तुम्ही सगळ्यांदेखत माझ्या कानाखाली वाजवलीत आणि म्हणालात, "गावाला खोटं भ्या दावायचं न्हाय. उद्या खरं वरडलास तर कोण यील?" तो कान अजून गरम होतो असं मी लोकांना हसत सांगत आलो. तहसीलमधल्या प्रशिक्षणात साहेबांनी विचारलं, इशाऱ्यात सगळ्यात महत्त्वाचं काय, तेव्हा मी तुमचंच वाक्य सांगितलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. म्हातारीच्या हिशेबानं तुमची दवंडी त्या थपडेनंतर दोनच वर्षांनी झाली, मी शिकायला मामाच्या गावी होतो तेव्हा.

नदीचा रंग बदलत होता. म्हातारीशी वाद घालण्यात अर्थ नव्हता. मी तिच्या बाजेवर जाऊन बसलो. म्हणालो, "तू न्हाय उठलीस तर म्या बी न्हाय उठत."

"मर मग. बायकूला निरोप धाडलास का?"

"न्हाय."

"तंबाखू खातोस?"

"न्हाय."

"मग बापासारखा न्हायीस."

आम्ही तसेच बसून राहिलो. बाभळीच्या मुळ्यांना पाणी लागलं. शेळ्या ओरडायला लागल्या. म्हातारी उठली, तिनं स्वतःच दावी सोडली आणि माझ्या खांद्याला धरून चढ चढली. वर पोचून मागं बघतो तर बाज पाण्यावर फिरत होती. ती म्हणाली, "या खेपेला खरं निघालं बाबा." इतकी लाज मला कधी वाटली नव्हती.

काल ग्रामसभा झाली. भोंगा कुठं बसवायचा, दर महिन्याला तो कोणत्या वारी वाजवून बघायचा, चालता न येणाऱ्यांना कोणी उचलायचं, असं सगळं वाचलं गेलं. सरपंचांनी विचारलं, "कोतवाल, तुमचं काय?" मी उभा राहिलो. म्हणालो, "भोंगा बसवा. पण आधी लिहून घ्या, की या गावात एकदा खोटी दवंडी देऊन माणसं उठवली होती. तेव्हाच्या कोतवालानं." मागून म्हातारी म्हणाली, "कोण कोतवाल?" मी तुमचं नाव घेतलं आणि म्हणालो, "माझे वडील." ग्रामसेवकानं माझ्याकडं पाहिलं, मग ते लिहिलं. त्याखाली मी सही केली.

हे पत्र कुठं पाठवायचं नाही, म्हणून एवढं सांगून टाकतो. सभेच्या आदल्या दिवशी मी आईला विचारलं होतं. ती ज्वारी निवडत होती. म्हणाली, "वरून सांगितलं व्हतं त्यांना. न्हाय म्हणले असते तर नोकरी गेली असती. तीन दिवस घास उतरला न्हाय त्यांच्या घशाखाली." सभेत हे सांगता आलं असतं. ओठावर आलंही होतं. आबा, मी ते मुद्दाम सांगितलं नाही.