त्याचा आवाज कधी चढला नाही

अप्पा,

काय झालं ते आधी क्रमाने सांगते.

१. तुम्ही गेल्यावरही मी नवऱ्याच्या घरी कितीतरी वर्षं काढली. आता क्रूरतेच्या कारणावरून घटस्फोट मिळावा म्हणून कुंभकोणमच्या कोर्टात अर्ज केला आहे.
२. त्याने मला कधी मारलं नाही. जे केलं ते बोलून, आणि मराठीत.
३. काल माझ्या बाजूने शेजारच्या तमिळ आजींची साक्ष झाली. त्या म्हणाल्या, "त्याचा आवाज कधी चढला नाही."

आजी खोटं बोलल्या नाहीत. साक्कोट्टैच्या त्या घरी संध्याकाळी त्या दारापुढच्या तिण्णैवर, म्हणजे ओट्यावर, येऊन बसत. तो माझ्या हातून कॉफी घेई आणि हसत म्हणे, "आज तरी विहिरीत जीव दे गं राणी, दोघंही सुटू." मग आजींकडे वळून तमिळमध्ये त्यांच्या गुडघ्यांची चौकशी. त्या मला म्हणत, "किती गोड बोलतो गं तुझा नवरा! आमचे तर नुसते ओरडायचे." त्याचं ते विहिरीचं वाक्य मी कोर्टात तमिळमध्ये सांगितलं. त्याच्या वकिलांनी विचारलं, "म्हणताना हसत होते ना?" मी म्हटलं, हो. "मग ही नवराबायकोची थट्टा झाली." मी कारखान्यात मोजमापाची उपकरणं तपासते. पुरावा नसेल तर मीही सही करत नाही. त्यांच्या जागी मी हाच प्रश्न विचारला असता.

ते बोलणं ऐकून समजलेली माणसं दोनच, तुम्ही आणि आई. दिवाळीनंतर तुम्ही दोघं आला होतात. तुमच्यासमोरही तो तेच बोलला. आई ताडकन उठली, तुम्ही तिला हाताला धरून खाली बसवलंत. तुमच्या कॉफीवर साय धरली. बसस्टँडवर तुम्ही म्हणालात, "घरातलं घरात ठेव, बाळ. बाहेर आपली भाषा कुणाला कळते? हसं होईल." मरुदानल्लूरच्या भजनात रात्रभर न थकणारा तुमचा आवाज तेवढ्या बोलण्यात बसला. मग गजरा विकत घेतलात आणि पैसे देऊन तो तिथेच विसरून बसमध्ये चढलात. मी तो घेतला. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर तमिळ, हा नियम तुम्ही आम्हाला जपायला केला होता. तो माझ्या नवऱ्यालाही नीट कळला होता.

आज सकाळी आई दोशाचं पीठ ढवळता ढवळता म्हणाली, "मी सांगते कोर्टात. मला काय भीती आहे? पण ते विचारतील, ऐकलंत तर मुलीला तिथेच का ठेवलंत? मग ह्यांचं नाव घेऊ?"

"खरं ते सांग."

"खरं सांगेन गं. त्यांच्या बाजूने बोलायला ते कुठे आहेत?"

तिची साक्ष झाली नाही तर माझा अर्ज बहुतेक फेटाळला जाईल. झाली तर भरल्या कोर्टात, परक्यांसमोर, तमिळमध्ये तुमचं नाव निघेल. मला सुटका हवी आहे, आणि तुमचं नाव निघायला नको आहे.

हे पत्र कुठे टाकणार, हे मला माहीत आहे: कुठेच नाही. तरीही मी आईला अजून हो म्हटलेलं नाही, कारण तुम्हाला न विचारता म्हणवत नाही.

मंगळवारी साक्षीदाराचं नाव द्यायचं आहे. सोमवार संध्याकाळपर्यंत कळवा. काही कळलं नाही, तर तुमची हरकत नाही असं धरून मी तिचं नाव देईन.