वीस मिनिटांनी बंद पडणारी गाडी

बुधवार, संध्याकाळ

आज गाडी बंद पडली तेव्हा मला बरंच वाटलं. ती का बंद पडते ते शोधायलाच तर एकटी निघाले होते. परवा डायलिसिसहून परतताना अशीच बंद पडली, आणि सासरे, आमचे आबा, रस्त्याकडेला दगडावर बसून म्हणाले, "माझ्यापायी तुझी लई फरफट हुतीया, पोरी." ते डोक्यातून जातच नाही. मेकॅनिक म्हणतो, विकून टाका. का म्हणून?

आमचं गाव लासुर्णे सोडून वीस मिनिटं झाली आणि इंजिन बंद. दर वेळी वीसच मिनिटं का? प्लग नवे, बॅटरी नवी. मग पेट्रोलच पोचत नसेल? टाकीचं झाकण फिरवलं तर सुस्स करून हवा आत ओढली गेली. लगेच गाडी चालू! मागच्या महिन्यात बदललेल्या झाकणातून हवाच आत जात नव्हती, म्हणून पेट्रोल इंजिनापर्यंत ओढलं जात नव्हतं. बारामतीत दुसरं झाकण घेतलं. येताना वीस मिनिटं झाली, तीस झाली, इंजिन चालूच.

आबा दारातच उभे होते. "उद्या डायलिसिसला रिक्षा सांगू का?"

"न्हाय आबा. आपल्याच गाडीनं जायचं."

 जेवताना आबांनी दोनदा विचारलं, "सकाळी किती वाजता निघायचं म्हणालीस?"