अर्थिंगला पाणी

६ नोव्हेंबर १९७२. कोल्हार

मधूचं पत्र आलं. क्वार्टर मिळाला. दोन खोल्या, स्वयंपाकघर, नळ आतच. समुद्र चालत जाण्याइतका. शालनचं बाळंतपण माहेरी झालं की उन्हाळा सरता सरता दोघांना न्यायला येतो म्हणतो. तोवर बिऱ्हाड आलं नाही तर क्वार्टर दुसऱ्याला देतील.

पत्र माझ्या नावावर, मजकूर त्याच्या बायकोसाठी, शालनसाठी. मी वाचून तिच्यापुढं ठेवलं. रेशनच्या लाल मिलो ज्वारीची भाकरी थापत होती. थापता थापताच वाचलं. म्हणाली, "मामा, आज कालवणात मीठ जास्त पडलं तर सांभाळून घ्या."

घरात आम्ही दोघंच. ही, मधूची आई, जाऊन तीन वर्षं झाली. शालनला पाचवा महिना. पोरगा अणुवीज केंद्रात नोकरीला लागला तेव्हा पेढे वाटले होते. तो एकटा तिथं होता तोवर कुणी काही बोललं नव्हतं.

९ नोव्हेंबर

पोस्टमन पत्र देतो आणि बातमीही. दाढीला गेलो तर सलूनमध्ये सगळ्यांना माहीत. माझ्या गालाला साबण, डोळे मिटलेले. लोकांना वाटतं डोळे मिटले की कानही मिटतात.

"अणू म्हंजी जपानात टाकला त्योच की."
"त्योच. त्येला तिथं कोंडून ठिवलाय. त्येच्यावर पानी उकाळत्यात."
"आन मिस्त्रीची सून तान्हं पोर घिऊन तिथं ऱ्हानार?"
"आरं, यंदाचा पाऊस बी त्येनंच खाल्ला म्हनत्यात."

डोळे उघडून म्हटलं, पाऊस त्याने खाल्ला तर वीज मंडळानं बिल पाठवलं असतं. हसले. मीही हसलो. म्हातारा तुकाराम न हसता म्हणाला, "तारंतून बी येतंय का वो ते? आमच्या हिरीवरच्या मोटारीत?" नाही येत म्हटलं. "तुमी म्हनताय तर न्हाई," म्हणाला.

तुमी म्हनताय तर न्हाई. घरी येईपर्यंत हेच कानात.

१९ नोव्हेंबर

राहुरीहून व्याही आले, केशवराव. शाळेतून रिटायर झाल्यापासून प्रत्येक वाक्य फळ्यावर लिहिल्यासारखं बोलतात. चहा निवत ठेवून म्हणाले, "मिस्त्री, मुलगी तुमची, नातवंड तुमचं. मला विज्ञान आठवीपर्यंतचं. जावई म्हणतात काही धोका नाही. ते नोकरीला आहेत, तसंच म्हणणार. तुम्ही यंत्रातले. तुम्ही हो म्हणा, मी बाळ-बाळंतिणीची पाठवणी करतो. नाही म्हणा, तर जावई रागावले तरी बेहत्तर."

म्हणजे आलं माझ्यावर.

हो म्हटलं तर शालन जाणार. नाही म्हटलं तर ती नि बाळ इथं, या घरात, माझ्याजवळ. व्याह्यांनी विचारल्याबरोबर हे दुसरं आधी मनात आलं. ते इथं लिहून ठेवतो. पुढं स्वतःशी खोटं बोलायला लागलो तर काढून वाचता येईल.

२ डिसेंबर

दुकानात दुरुस्तीला एकही मोटार नाही. विहिरीच आटल्या, मोटारी जळणार कशाला. माणसं दुष्काळी कामावर खडी फोडायला गेलीत. बसून राहिलो. हत्यारं पुसली, पुन्हा पुसली.

बाराव्या वर्षी नगरच्या एका वर्कशॉपात झाडू मारायला लागलो. रिवाइंडिंग, म्हणजे जळालेल्या मोटारीत नवी तार भरणं, कुणी शिकवलं नाही. ऐकून शिकलो. पेचकसाचं टोक बेअरिंगवर, मूठ कानाला, की मोटार आपलं दुखणं सांगते. अठ्ठावीस वर्षं त्यावर जेवलो.

अणूचा आवाज कसा असतो हे मधूला विचारायला हवं.

१५ डिसेंबर

आज लिहितोच. सखारामचं.

गावात वीज आली तेव्हा लोक मोटारीला हात लावेनात. मी चालू मोटारीवर तळहात ठेवून दाखवायचो, "बघा, काही होत नाही." विहिरीविहिरीवर हेच. सखारामच्याही. गळकी वीज जमिनीत उतरवणारं अर्थिंग मी स्वतः केलं होतं. खड्डा, मीठ, कोळसा, प्लेट, सगळं नीट. फक्त एक सांगितलं नाही, की उन्हाळ्यात खड्डा सुकतो, त्यात आठवड्याला दोन बादल्या पाणी घालत जा. नाहीतर अर्थिंग असून नसल्यासारखं.

विसरलो नव्हतो. सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्याने विचारलं असतं, "म्हंजी धोका हाय का?" आणि मोटार परत केली असती. भीती घालवायला गेलो होतो, तिथं नवी कशाला घालू म्हणून.

चैत्रात सखारामनं स्टार्टरला हात लावला आणि तिथंच गेला. खड्डा कोरडा ठणठणीत. लोक म्हणाले, नशीब. त्याची बायको चंद्रभागा तीच मोटार अजून वापरते. दसऱ्याला हार घालते.

दुसऱ्या दिवसापासून गावभर फिरून पाण्याचं सांगितलं. कुणाचीही मोटार परत आली नाही.

७ जानेवारी १९७३

शालनला राहुरीला पोचवलं. सातवा लागला. एसटीत खिडकीशी बसवलं. पुलावरून नदी दिसली, नुसती वाळू. म्हणाली, "मामा, तुम्ही तिकडं बघून या ना. लोकांचं ऐकून माझं डोकं उठलंय. तुम्ही ऐकलं तर ते वेगळं."

परत आलो. घरात शिरल्यावर सवयीनं चप्पल आवाज करून काढली. आत कळायला आता कुणी नाही, हे नंतर ध्यानात आलं.

१८ जानेवारी. मधूकडं

मनमाडहून गाडी, मुंबईहून दुसरी, मग बस. गेटवर झडती. पेचकस काढून घेतला, पावती दिली. मधू शरमला. "आबा, हा कशाला आणला?" म्हटलं, डॉक्टर पाहुण्यांकडं गेला तरी नळी नेतो.

आधी एक तरणा साहेब. पाहुण्यांना माहिती सांगायचं काम त्याच्याकडं. "काही होत नाही, काका. अगदी शंभर टक्के. मनात शंकासुद्धा आणू नका." गोड बोलत होता. हा आवाज कुठं ऐकलाय, असं झालं. नंतर ओळखला. माझाच.

टर्बाइन काचेतून पाहिलं. काच मधे असूनही तळव्यांतून कळत होतं, एवढं मोठं धूड आणि कुरकुर नाही. मन भरून आलं खरं. मधू हळूच म्हणाला, "आबा, हे कुठल्याही वीजघरात असतं. आपलं निराळं ते त्या भिंतीपलीकडं. तिथं आवाज नाही."

वास?
नाही.
उष्ण लागतं?
लागत नाही. लागलेलं कळत नाही.

माझे कान, नाक, तळहात, सगळं गेटवर ठेवून घेतल्यासारखं झालं.

१९ जानेवारी

मधूच्या छातीवर बिल्ला असतो. आत फिल्म. महिन्याला ती धुतात आणि अंगाला किती किरणं लागली तो आकडा काढतात. तो काढणाऱ्या गृहस्थांकडं मधूनं नेलं. पिकलेले केस, स्वेटरचं कोपर उसवलेलं. नागपूरकडचे.

विचारलं, काही होत नाही ना?
म्हणाले, "होतं की. म्हणून तर मोजतो."
तुमची मुलं कुठं?
"इथंच, कॉलनीत. धाकटी इथलीच."
कॉलनीत काही पोचतं?
"हवा, पाणी, दूध, सगळं तपासतो. आजवर काळजीसारखं सापडलं नाही. उद्याचं मी लिहून देणार नाही. वीस वर्षांनी काय, हे मलाही माहीत नाही."
मग झोप लागते?
"ज्या महिन्यात मोजायचं राहील त्या महिन्यात लागणार नाही."

तासभर बसलो. त्यांना अर्थिंगच्या पाण्याचं सांगितलं. सखारामचं नाही सांगितलं. ते म्हणाले, "अगदी तेच आहे हो."

संध्याकाळी किनाऱ्यावर मासळी वाळत घालणाऱ्या बाईला विचारलं, भीती वाटते का? म्हणाली, वीज इथं होते आणि दिवे मुंबईला, आमच्याकडं अजून रॉकेलची चिमणी, भ्यायला उजेड तरी पाहिजे. मी इतका मोठ्यानं हसलो की मधू मागं वळून बघायला लागला. बऱ्याच दिवसांत हसलो नव्हतो, ते तेव्हा कळलं.

४ फेब्रुवारी

दुकान बंदच म्हणायचं. लोकांना खबर हवी असते. सलूनमध्ये तुकारामनं विचारलं, "पायलं का मिस्त्री? दिसतो कसा?"
दिसत नाही म्हटलं.
"मंग काय पायलं?"
"त्याला राखण बसलेली माणसं पाहिली."
"मानसं कशी हायती?"
म्हटलं, एक माझ्यासारखा, एक माझ्याहून बरा. त्याला काही कळलं नाही. बरोबरच आहे.

घरी माठावरचं झाकण हललं तरी कान टवकारतो. पाल असते. कान चांगले असण्याचा हा तोटा, रिकामं घर फार ऐकू येतं.

११ फेब्रुवारी. राहुरी

व्याह्यांच्या ओसरीवर. शालन दाराआड, कपाटाला टेकून. केशवराव म्हणाले, "बोला. हो की नाही?"

सखारामचं सांगितलं. पहिल्यांदाच कुणाला. केशवरावांनी चष्मा काढला, बराच वेळ पुसला. मग म्हणाले, "म्हणजे नाही म्हणता."
म्हटलं, तसंही नाही. धोका आहे, हे खरं. मोजतात, हेही खरं. आपल्या गावात विहिरीवर मोटार चालू करताना कुणी छातीवर बिल्ला लावत नाही. तिथं बाळाच्या दुधापर्यंत बघतात. पण वीस वर्षांनी काय, ते मला विचारू नका. तिथला जाणकारही सांगत नाही.
"मग आम्ही काय समजायचं?"
"आणखी एक आहे. मला शालन इथं हवी आहे. घरात कुणी नाही. त्यामुळं माझं 'नाही' धरू नका, त्यात भेसळ आहे. आणि ती भेसळ लपवायला म्हणून 'हो' म्हणेन, त्याचीही खात्री नाही."

आतून शालन म्हणाली, "मामा, यांच्या बिल्ल्याचा आकडा किती येतो ते दर महिन्याला कळवलं तर?"
म्हटलं, कमी आला तरी, जास्त आला तरी.
"जास्त आला तरी."
"मला वाईट वाटेल म्हणून गाळायचा नाही."
"नाही गाळणार. तुम्ही घरच्या अर्थिंगला पाणी घालत जा. निघताना बघितलं होतं, खड्डा सुकलाय."

केशवराव म्हणाले, "हिला कुणी शिकवलं हे?" मी एसटी चुकेल म्हणून उठलो.

२० मार्च

मुलगी. दोघी सुखरूप. टँकरच्या पाण्याची रांग सोडून तसाच राहुरीला गेलो. नाकडोळे मधूच्या आईसारखे. हे कुणाला म्हणालो नाही. शालनच आपण होऊन म्हणाली.

१७ जून

गेली. मधू न्यायला आला होता. ट्रंक, पाळणा मोडून बांधलेला, लोणच्याची बरणी. स्टँडवर तुकारामची म्हातारी आली, बाळाच्या हाताला काळा दोरा बांधला. "आणूची बी दिष्ट लागती का काय कोन जानं," म्हणाली. मधू काही बोलणार होता, मी डोळ्यानं गप्प केलं.

बाळाने जाताना माझ्याकडं बघितलं नाही. कंडक्टरच्या घंटेकडं बघत होतं. आवाजाकडं. माझी नात.

२२ जुलै

शालनचं पहिलं पत्र. आकडा सगळ्यात वर, तारखेच्या खाली. कमी आहे. समुद्राचा आवाज बाळाला आवडतो. मधू रविवारी भाजी करतो, वाईट होते.

पाऊस बरा आहे. मोटारी येऊ लागल्या. चंद्रभागेची मोटार भरून दिली. खड्डा उघडून बघितला, ओला. "घालती मी पानी," म्हणाली. "तुमी येकदा सांगितलं ते बास हाय." तिला सगळं सांगावं असं फार झालं. तिने चहा आणला. प्यालो. परत आलो.

२० ऑगस्ट

पत्र. आकडा वाढलेला. दुरुस्तीचं काम निघालं, मधूला आत जावं लागलं. मर्यादेच्या जवळ गेला म्हणून त्याला आतलं काम बंद करून टेबलाशी बसवलंय. नियमच आहे. "ते हसत सांगत होते. मला हसावं की नाही कळेना. तुम्ही सांगा."

उत्तरात लिहिलं, की मोजलं म्हणून कळलं, कळलं म्हणून थांबवलं, हे चांगलं. लागलं, हे वाईट. दोन्ही खरं. हसणं कसं होतं ते मला इथून ऐकू येत नाही, ते तू नीट ऐक.

लोकांना सांगितलं नाही. तुकारामनं विचारलं, बरी हायती का? बरी आहेत म्हटलं. हे बोलताना आवाज कसा होता, कोण जाणे.

२३ सप्टेंबर

पत्र आलं. दोन कागद, दोन्ही बाजूंनी. बाळ पालथं पडतं आता, पुढं सरकू बघतं. दात शिवशिवतात. खिडकीला पडदे केले, उरलेल्या कापडाची झबली. शेजारची बाई केरळकडची, तिच्याकडून नारळाची आमटी शिकली. हे बरे आहेत. तुम्ही दिवाळीला या.

आकडा नाही.

तीनदा वाचलं. समासात बघितलं, पाकिटाच्या आत बघितलं.

विसरली असेल. भीती गेली की माणूस मोजायचं विसरतं, ते चांगलं लक्षण. ती रुळली, असंच धरावं. किंवा फिल्म यायला उशीर झाला असेल.

किंवा मला भीती वाटू नये म्हणून.

आधीच्या पत्रांत ती "मधू" लिहिते तिथं खोडून "हे" करते. या पत्रात एकही खोडलेलं नाही. फार नीट लिहिलंय, कच्चं लिहून मग उतरवल्यासारखं.

घरच्या खड्ड्यात दोन बादल्या पाणी घातलं. पावसाळ्यात गरज नसते तरी घातलं. दिवाळीला महिना आहे. तरी पिशवी आजच खुंटीवरून काढून खाटेवर ठेवली. पेचकस तेवढा आत टाकला. गेटवर पुन्हा काढून घेतील.