दात्याच्या यकृताचा स्कॅन

४ मार्च
हॉस्पिटलच्या झग्याचे बंद पाठीमागे का असतात, याचा जाब विधात्याने नाही, तर निदान शिंप्याने तरी द्यावा. एका हाताने पाठ झाकत डॉक्टरीणबाईंशी गंभीर चर्चा करणे हा सभ्यतेचा अपमान आहे. असो. दादाचं यकृत निकामी झालंय. माझ्यातला तुकडा मी देणार. सगळ्यांसमोर जाहीर केलं. वहिनी रडली. पण सोनोग्राफीत माझंही यकृत जरा ताठर दिसलं म्हणे. आत व्रण पडतोय का, ते यकृतात सुई न टोचता नव्या एमआरआय स्कॅनमध्ये कळेल. व्रण नव्याने पडत असेल, तर तो उजळ दिसतो. दिसला, तर मी बाद. दिसणार नाही. माझं यकृत म्हणजे वज्र.

७ मार्च
उपाशीपोटी जायचं होतं. वाटेत बिस्किटं खाल्ली गेली. कर्ता अज्ञात. बायको म्हणते, पुडा तुमच्याच खिशात होता. स्कॅन पुढे ढकलला.

११ मार्च
गाडीची किल्ली सापडेना. गेलो नाही. बायकोच्या मते किल्ली फ्रिजवरच होती, आणि जगात बस नावाचं वाहनही असतं. तिला तपशिलात फार रस.
दादाचा फोन. आवाज खोल गेलाय. म्हणाला, "गधड्या, जेवलास का?"

१४ मार्च
झाला एकदाचा. श्वासावर आपला पूर्ण ताबा असल्याचं तंत्रज्ञ मुलीला आधीच सांगून ठेवलं होतं. तरी सारखं कानावर येत होतं, "काका, श्वास धरा… अहो धरा ना… परत घेऊया." यंत्रात दोष असावा.

१७ मार्च
रिपोर्ट नाही. बसवत नाही, वाचवत नाही. उजव्या कुशीत दुखतंय. व्रण असणारच. बायको म्हणाली, "वज्राला?" कॉलेजात कावीळ झाली होती, तेही डॉक्टरांना कळवलं. केवळ कर्तव्य म्हणून. मग पुन्हा कळवलं. तिसऱ्यांदा डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "अहो, तुम्हाला यकृत द्यायचंय ना नक्की?" काय हा प्रश्न!

१८ मार्च, संध्याकाळ
रिपोर्ट आला. कुठेही काही उजळलेलं नाही. पुढच्या तपासण्या सोमवारपासून. वहिनीने फोनवर मला देवमाणूस म्हटलं. बायको नुसता माझा हात धरून बसली.
व्रण सापडावा असंच मला वाटत होतं. ऑपरेशनची मला फार भीती वाटते. आणि मी नाही म्हटलं, तर दादाला देणारं दुसरं कोणी नाही.