बबल टीची नवी व्यवस्था

सोमवार, ९. सकाळी १०.
धाकट्या बहिणीने मनगट मोडून घेतलंय. तिचं बबल टीचं दुकान आठवडाभर मी सांभाळणार. शनिवारी कॉलेज कॅन्टीनचे मॅनेजर चव बघायला येतील. पसंत पडलं तर रोज दोनशे कप तिकडे जातील. नाही पडलं तर दुकान बंद करावं लागेल, म्हणाली. शिवाय, "दादा, कशातही सुधारणा करू नकोस." गोळ्यांचा परिणाम. चोवीस वर्षं गोदाम सांभाळलेल्या माणसाला चहा काय जड आहे?

दुपारी २.
पाहणी केली. काळा चहा, दूध, पाक, बर्फ आणि तळाला टॅपिओकाचे काळे मोती. जाड स्ट्रॉने ओढून चावायचे. चहा चावायचा! असो. मदतीला एक मावशी आहेत. त्या दिवसातून चारदा मोती शिजवतात आणि चार तासांनी उरलेले फेकतात. सहा वर्षांत कोणी जाब विचारलेला नाही. उद्यापासून एकदाच शिजवणार.

मंगळवार, १०.
मोती रात्रभर भिजत घातले होते. भिजवल्याशिवाय काही नीट शिजतं का? सकाळी पातेल्यात मोती नव्हते. खळ होती. मावशी म्हणाल्या, पोस्टरं चिकटवायला बरी आहे. माल निकृष्ट. पुरवठादाराला कडक पत्र लिहायचं.

बुधवार, ११.
न भिजवता शिजवले. उत्तम. आठवड्याचे एकदम. फ्रिजमध्ये ठेवले. मावशी नुसत्या बघत होत्या. वचक बसतोय.

गुरुवार, १२.
मोत्यांना कणखरपणा आला आहे. एका मुलाने टेबलावर टाकून आवाज ऐकवला. हल्लीच्या पोरांना दातांचा व्यायाम नाही. मावशी मागच्या शेगडीवर गुपचूप ताजे शिजवतात. अडवलं नाही. हाताखालच्या माणसांना थोडी मोकळीक द्यावी.

संध्याकाळी ६.
सतरा स्वाद म्हणजे अंदाधुंदी. तारो, माचा, लिची, आंबा, ब्राऊन शुगर, कशाला एवढं? तारो म्हणजे कंद, माचा म्हणजे पानं. दोन्ही एकत्र केले. जांभळं आणि हिरवं मिसळून जो रंग येतो त्याला अजून नाव नाही. प्यायलो. न ठेवलेलंच बरं.

शुक्रवार, १३.
गोडी शून्य, पंचवीस, पन्नास, पंचाहत्तर, शंभर टक्के. एवढे लाड घरीसुद्धा होत नाहीत. सरसकट साठ केली. रांग एकदम आटोक्यात. दुपारी तर नव्हतीच. धाकटीचा फोन. प्रगतिपथावर आहे, म्हणालो. तिने लगेच फोन मावशींकडे द्यायला सांगितला. गहिवरली असावी.

शनिवार, १४.
मॅनेजर आले. तारो-माचा दिला, बुधवारचे मोती घालून. एक घोट घेतला आणि चावू लागले. चार मिनिटं. विचारी माणूस. मग गाल धरला. मी साठ टक्क्यांचं धोरण समजावून सांगणार, एवढ्यात मावशींनी त्यांच्यापुढे साधा ब्राऊन शुगर सरकवला. तो त्यांनी तळाच्या शेवटच्या मोत्यापर्यंत ओढला.
"रोज बनवणार कोण?" त्यांनी विचारलं.
मी आणि मावशी एकदमच "मी" म्हणालो. त्यांनी मावशींचं नाव लिहून घेतलं. फॉर्मवर बहुधा एकच रकाना होता.

रविवार, १५.
दोनशे कप मिळाले! धाकटी फोनवर रडत होती. मावशींना भागीदार करणार म्हणे. मला म्हणाली, दादा, तू फार दमलास, उद्यापासून येऊ नकोस. दमलोच आहे. व्यवस्था इतकी पक्की बसवली की माझीही गरज उरली नाही.

सोमवार, १६. दुपारी ४.
सहज दुकानावरून गेलो. रांग पार रस्त्यापर्यंत. शिस्तीचं उदाहरण म्हणून मीही उभा राहिलो. पाऊण तासाने पाळी आली.
मावशींनी मार्कर उचलला. "कपावर नाव काय लिहू?"
सांगितलं. दोनदा सांगावं लागलं.