‘कुठं’ न विचारल्याचा खुलासा

मुंबई,
९ फेब्रुवारी १९८३

आदरणीय गुंडेराव मामा यांस,
भाचा बळीराम याचा मनापासून जयभीम.

आम्ही इकडे धडधाकट आहोत (निदान शरीरानं). तुमचा उजवा गुडघा आता जिना चढू देतो का, सुभद्रामामींचा खोकला बसला का, आणि म्हैस व्याली की अजून नुसती फुगूनच बसलीय, ते सगळं सविस्तर कळवावं. आईला या पत्राबद्दल काही सांगू नये. तिला सांगायचं ते मी येऊन सांगीन, आणि तुम्ही शेजारी बसलेले असाल तर बरं, कारण तिचा हात अजून चालतो.

गावात, राजेश्वरात, एव्हाना बातमी पोचली असेलच की चांगुणाबाईच्या पोरानं विमानाची वाट चुकवली. बाजारात तिला पाय फुटून मी ते समुद्रात बुडवलं असंही झालं असेल. तर मामा, विमान बुडालं नाही, माणूस एक दुखावला नाही, आणि मी कुणाच्या बापाला घाबरत नाही. झालं ते असं. विमानात आता वाट दाखवणारं एक यंत्र असतं. त्याला खिडकी नाही, डोळे नाहीत. विमान जागेवरून हलायच्या आधी त्याला एकदा सांगायचं, बाबा रे, तू आत्ता इथं उभा आहेस, इतके अक्षांश, इतके रेखांश. मग ते प्रत्येक हिसका आणि प्रत्येक वळण मोजत, आपण कुठवर आलो ते स्वतःच सांगत राहतं. म्हणजे तुमच्या मोजणी खात्यातली साखळीच की. तुम्ही तीस वर्षं साखळी ओढलीत, आणि मला शाळेच्या आधीपासून शिकवलंत, “पयला दगूड बघ, मंग साखळी टाक. दगूड चुकला की समदं रान शेजाऱ्याच्या घरात जातंय.” हे यंत्र बनवणाऱ्यांनी तुमचंच ऐकलेलं दिसतंय.

आता माझा पहिला दगड. मुंबईचा रेखांश बहात्तर अंश आणि वर काही कला. मी, सहवैमानिकानं, बोटानं दाबले सत्त्याहत्तर. का? कारण नेमक्या त्याच वेळी शेजारच्या खुर्चीतले कॅप्टन रेवणसिद्धप्पा (आळंदचे, अठरा वर्षं हवेत, माणूस लोण्यासारखा) म्हणाले, “तुमच्या राजेश्वरातच की आमची भैन शिवम्मा दिलीय. नऊ वर्सं झाली, गेलो न्हाई.” मी मुंबईत बसून एकदम गावच्या वेशीत उभा राहिलो. शिवम्माच्या अंगणातला शेवगा, पलीकडं आमची गल्ली, आणि तुम्ही मोजणीच्या नकाशावर बोट ठेवून सांगितलेलं, आपलं गाव सत्त्याहत्तरावर हाय, इसरू नको. मी विसरलो नाही, मामा. हीच तर भानगड झाली. बरं, यंत्रं तीन असतात, एक चुकलं तर दुसरी दोन ओरडतील म्हणून. पण तिन्हींत आकडा घालणारा मीच. साक्षीदार तीन आणि पढवणारा एक, मग ओरडणार कोण? (अक्षांश चुकला असता तर पृथ्वीच्या फिरण्यावरून यंत्रानं पकडला असता. रेखांशाबाबत मात्र ते बिचारं आपल्या शब्दावर विश्वास ठेवतं. आणि अक्षांश मुंबईचाच राहिला, त्यामुळं ते राजेश्वरलाही पोचलं नाही, नांदेडच्या पलीकडं कुणाच्या तरी ज्वारीत जाऊन उभं राहिलं.)

इथवरची चूक माझी, शंभर टक्के माझी. तसं मी लिहून सही करून दिलंय. पण आमच्याकडे नियम आहे की एकानं आकडा घालायचा आणि दुसऱ्यानं मोठ्यांदा विचारायचं, आपण आहोत कुठं, आणि नकाशाशी ताडून बघायचं. आणि मामा, आपल्याकडं निघताना ‘कुठं’ म्हणायचं नसतं! तुम्हाला मी काय सांगावं. मी सहा वर्षांचा असताना तुम्ही चिटगुप्प्याच्या बाजाराला निघालात आणि मी “मामा, कुठं?” म्हटलं, तर आईनं हातातल्या उलथण्यानं माझ्या पाठीवर उत्तर दिलं. तुम्ही पायातल्या वहाणा काढून परत ओट्यावर बसलात, पाणी प्यालात आणि मग पुन्हा निघालात. छप्पन साली आपण देव सोडले, नवस सोडले, अंगारे सोडले, पण हा एक ‘कुठं’ दाराच्या फटीत राहून गेला. आई अजून “लांब जायलास व्हय?” एवढंच विचारते, आणि लांब म्हणजे चिटगुप्पा की मस्कत हे ज्याचं त्यानं ओळखायचं. रेवणसिद्धप्पांच्या कानडी घरातही तेच, ‘एल्लिगे’, म्हणजे कुठं, म्हटलं की म्हातारी तांब्या घेऊन धावते. दोन भाषा, दोन धर्म, आणि भीती एकच. तर कॅप्टननी अठरा वर्षांच्या सवयीप्रमाणं विचारलं, “समदं बरोबर?” मी म्हटलं, “व्हय.” आणि आम्ही दोघं सरहद्दीचे गडी एकशे सत्तर माणसं घेऊन, आपण कुठं आहोत ते एकमेकांना न विचारता, मस्कतला निघालो.

वीस मिनिटांनी खाली निळाशार समुद्र होता आणि यंत्र म्हणत होतं बीड. मी ते बघून तोंड उघडणार, तेवढ्यात जमिनीवरच्या रडारवाल्याचा आवाज आला की तुम्ही वाट सोडून दक्षिणेला सरकताय, चाललात कुठं? रेवणसिद्धप्पांनी कपाळाला हात लावला. म्हणाले, “इचारलंच की ह्यानं! आता काय खरं न्हाई.” म्हणजे अपशकुन रडारवाल्याचा! यंत्राला हवेत पहिला दगड पुन्हा देता येत नाही, म्हणून परत फिरलो आणि सुखरूप उतरलो. उतारूंनी मला जे ऐकवलं ते तुमच्या वयाला लिहिण्यासारखं नाही.

आता मुद्दा. एकवीस तारखेला, सोमवारी, शेवटची सुनावणी आहे. माझ्या खुलाशात वाक्यं दोनच. चुकीचा आकडा मी घातला. आणि ‘आपण कुठं आहोत’ हे कॅप्टननी विचारलं नाही, मीही विचारलं नाही. चौकशी अधिकारी म्हणतात दुसरं वाक्य खोडा, चूक एकट्याचीच राहू दे. खोडलं तर समज देऊन सोडतील आणि दिवाळीपर्यंत मी स्वतः कॅप्टन होईन. नाही खोडलं तर बघू, म्हणतात. हे ‘बघू’ मी ओळखतो. बाहेर व्हरांड्यात दोघं कुजबुजत होते की कोट्यातला आहे, एवढं तरी ऐकेल. मामा, त्या कुजबुजीनंतर मी ते वाक्य पुन्हा एकदा ठळक शाईनं गिरवलं. मी परीक्षेत वरच्या तिघांत होतो. चूक केली ती माणसानं केली, जातीनं नाही. आणि मी दुसरं वाक्य खोडलं तर उद्या दुसरे दोघं असेच न विचारता निघतील, आणि तेव्हा रडारवाला वेळेवर बोलेलच असं नाही.

रेवणसिद्धप्पा माझ्या खोलीवर येऊन गेले. निवृत्तीला सात महिने राहिलेत. ते चुकीला भीत नाहीत, लाजतात. म्हणाले, “बळीराम, ते कुठंचं तेवढं कागदावर नगं. लोक हसतील रे.” मला फार वाईट वाटलं. त्यांना चहा दिला, शिवम्माच्या शेवग्याच्या गोष्टी सांगितल्या. त्यांची समजूत मी माझ्या तोंडून कुणाला सांगणार नाही, पण ‘विचारलं नाही’ हे राहणार. तुम्हीच जनवाड्यात मोजणीदाराला पहिला दगड सरकवलेला आहे म्हणून सांगितलं होतं, आणि तो ‘साखळी ओढ’ म्हणाला तेव्हा तुम्ही साखळीचा ढीग करून भर उन्हात त्यावर बसला होतात. दगड उकरल्यावर तुमचं खरं निघालं, बदली औरादला झाली ती झालीच. मीही बसलोय, मामा. उठवून दाखवावं कुणी.

सर्वांना यथायोग्य.

तुमचा,
बळीराम

ता. क. सुनावणीच्या आधीच्या शनिवारी, एकोणीस तारखेला, गावी येतोय. रविवारी सकाळी सोलापूरच्या गाडीनं परत निघेन.

ता. क. दुसरा. खरं पत्र इथून आहे. मामा, मला जन्मात कुणी निघताना ‘कुठं’ विचारलेलं नाही. त्या सुनावणीत मी छाती काढून बसणार आणि माझ्याच घरात तो शब्द निघत नाही, हे मला सहन होत नाही. म्हणून रविवारी मी निघताना तुम्ही आईला पुढं करा आणि तिला मोठ्यांदा, गल्लीला ऐकू जाईल असं विचारायला लावा: बळीराम, कुठं जायलास? मी खणखणीत उत्तर देईन. ते उत्तर मला सोमवारी पुरेल.

ता. क. तिसरा. फक्त मी उंबरा ओलांडल्यावर विचारायला सांगा. आणि ओट्यावर पाण्याचा तांब्या भरून ठेवा. माझा विश्वास नाही, हे तुम्हाला माहीतच आहे. पण सोमवार मोठा आहे, मामा.